डाव्या पायाची चप्पल

बडोदे

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे. कंबर पूर्वीसारखीच कुरकुरते. इतके महिने पत्र नाही म्हणून द्यायच्या शिव्या भेटीसाठी राखून ठेव. आजचा विषय घरी काढला, तर 'रजा घ्या' एवढेच उत्तर मिळेल.

अग्निशमन दलाच्या रुग्णवाहिकेवर आपल्या पाळीत नीलेश नावाचा रावपुऱ्यातला मुलगा आला आहे. कामाला चोख आहे, परंतु ज्याला आपण सयाजी रुग्णालयात पोहोचवतो त्याची तो नंतर जाऊन चौकशी करतो. पेशंट सोपवला की गाडी धुवायची, चहा प्यायचा आणि मागे वळून विचारायचे नाही, हा तुझा कायदा त्याला सांगून पाहिला. तो म्हणाला, "१९४४ साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात प्राण गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांना आपण दर १४ एप्रिलला मानवंदना देतो, मग काल ज्याला उचलले त्याला आज विचारायला काय हरकत आहे?" मला उत्तर सुचले नाही. तू असतास तर त्याला चहा आणायला पिटाळले असतेस.

मध्यंतरी एक आजोबा देवळाच्या पायऱ्यांवर कोसळले. नीलेशने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, तेही पाच-सहा सेंटिमीटर खोल, म्हणजे बरगडीचे काय होते ते तू जाणतोसच. तिचा आवाज आपल्याला गाडीत बसून ऐकू आला, असे जशुभाई अजून शपथेवर सांगतो, आणि त्याला शेजारचा भोंगा ऐकू येत नाही! आजोबा वाचले. नीलेश भेटायला गेला, तेव्हा आभार राहिले बाजूला, त्यांनी विचारले, "माझी डाव्या पायाची चप्पल कुठे आहे?" ती ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे सापडली, आणि पोरगा ती पुसून देऊन आला.

तेव्हापासून सगळी पाळीच बिघडली आहे. उत्तरायणात मांजाने गळा चिरलेल्या स्कूटरवाल्याचे काय झाले, हे कधी नव्हे ते जशुभाईसुद्धा विचारू लागला. परंतु प्रत्येक वेळी उत्तर चप्पल नसते. परवा नीलेश रुग्णालयातून परतला आणि धुतलेली गाडी पुन्हा धुवू लागला. त्याची थट्टा करावी की त्याला घरी पाठवावे, हे आम्हा जुन्यांपैकी कोणालाच ठरवता आले नाही.

आता मुख्य गोष्ट. गॅस गळून जमिनीलगत साचला आणि दिवा लावताच भडका उडाला, त्या 'पोळ' म्हणतात तसल्या जुन्या गल्लीतल्या घरातून आपण दोघांनी उचललेली मुलगी तुला आठवते. मी चौकशीला निघालो तेव्हा तू चहाच्या टपरीवर माझी कॉलर धरली होतीस आणि पुढे कितीतरी दिवस आपण एकाच गाडीत बसून जशुभाईमार्फत बोलत होतो. त्याने मधल्या मधे काय काय बदलून सांगितले, हा वेगळा विषय आहे. नीलेशला हे कळले आहे आणि तो जुन्या नोंदी शोधायला तयार आहे. तिला उचलणारे हात दोघांचे होते, म्हणून तुला विचारल्याशिवाय मी त्याला होकार देणार नाही.

त्यातच काल जशुभाई सहज बोलून गेला, की कॉलर धरलीस त्याच आठवड्यात तू एकटाच सयाजीत जाऊन आलास. त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग वजा करायची मला सवय आहे, तरी रात्री झोप लागली नाही. हे खरे असेल, तर त्या पोराला कशाला पाठवू? तूच लिही.

तुझी कारखान्यातली नवी नोकरी मानवली असेलच. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद. जशुभाईला काही कळवू नकोस.

तुझा,
अरविंद