'साभार पोच' पुन्हा सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारीत साताऱ्याला 99वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. दहिवडीहून पुसेगाव, कोरेगाव करत जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.नं मी दोन दिवस जाऊन आले. मंडपात थोडा वेळ बसले, बाकी सगळा वेळ पुस्तकांच्या गाळ्यांवर गेला. तिथे खटाव तालुक्यातली एक मुलगी भेटली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली. पाचशेची एकच नोट घडी करून मुठीत धरली होती आणि पाऊण तास ती गाळ्यागाळ्यावर नुसती पुस्तकं उलटीपालटी करत होती. मी गाळेवाल्याकडे नाव घेऊन पुस्तक मागितलं तेव्हा ती जवळ आली. म्हणाली, "काकू, कुठलं पुस्तक आलंय हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"

मला तिला नीट सांगता आलं नाही. घरी आल्यावर कपाटावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली काढला आणि हे पत्र लिहायचं ठरवलं.

आपल्या रविवार पुरवणीत शेवटच्या पानाच्या आधीच्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, 'साभार पोच' असायची, म्हणजे आपल्याकडे पोचलेल्या नव्या पुस्तकांची यादी. चार बोटं रुंद, वीतभर लांब. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, गाव, पृष्ठं, मूल्य. बाकी एक शब्द नाही. ती आधी महिन्यातून एकदा यायला लागली, मग दिवाळीच्या सुमारास तेवढी आणि मग आलीच नाही. कुणी तक्रार केली असेल असं वाटत नाही. ती मी आज करते आहे, उशिरा का होईना.

1979 साली माझी पहिली नेमणूक माण तालुक्यातल्या एका वाडीवर झाली. दोन शिक्षकांची शाळा. पेपर यायचा तो मुक्कामाच्या एस.टी.नं, संध्याकाळी, आणि तोही आधी सरपंचांच्या ओसरीवर वाचून झाल्यावर माझ्याकडे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी डी.एड.ला असताना वाचली होती. धनगरांच्या वाडीवर आलेला तो कोवळा मास्तर मला तेव्हा गोष्टीतला वाटला होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मुलं गोळा करायला मेंढरांच्या वाड्यांवर हिंडले तेव्हा कळलं, लेखकानं काहीच वाढवून लिहिलेलं नाही. तेव्हापासून माडगूळकर माझे. आजही दर उन्हाळ्यात एकदा ते पुस्तक काढतेच.

पण जुनं वाचून भूक भागत नाही. नवं काय आलंय हे वाडीवर सांगणार कोण? पुस्तकांचं दुकान साताऱ्याला, नाहीतर पंढरपूरला. ती चार बोटांची पट्टी एवढाच माझा पुस्तकांशी असलेला रस्ता होता. 1980 साली गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया'चं नाव मी त्या पट्टीत वाचलं. लेखिकेचं नाव नवीन, पण शीर्षकावर मन अडकलं. मनिऑर्डर केली. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी एक छोटी पट्टी असायची, ती फाडून पैसे घेणाऱ्याला मिळायची. त्या पट्टीवर बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव आणि शाळेचा पत्ता लिहिला. तीन आठवड्यांनी पोस्टमन सायकल हातात धरून चढ चढत आला. तीन दीर्घकथा. पहिलीच 'कारावासातून पत्रे'. कंदिलाच्या उजेडात दोन रात्रींत संपवली आणि तिसऱ्या रात्री परत पहिल्यापासून धरली. बाईच्या मनातलं बाईनं इतकं सरळ लिहिलेलं मी तोवर वाचलं नव्हतं. माझं पुढचं सगळं वाचन त्या पुस्तकानं वळवलं.

त्या दिवशीचं कात्रण डब्यात सगळ्यात तळाशी आहे. टाचणीच्या गंजाचा डाग पडलाय, कडा हात लावला की सुटतात. जे पुस्तक आलं त्याच्यापुढे शाईनं बरोबरची खूण, जे मागवायचं राहिलं त्याच्यापुढे टिंब. टिंबंच जास्त आहेत. पगार तेवढाच होता.

एक आठवण सांगायलाच हवी. त्याच पट्टीत एकदा विदर्भातल्या एका शिक्षकानं स्वतः छापलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचं नाव आलं. प्रकाशक म्हणून त्यांच्या घरचाच पत्ता. मी पैसे पाठवले. पुस्तक आलं आणि मागोमाग एक पोस्टकार्डही आलं. 'आमच्या जिल्ह्याबाहेर गेलेली ही पहिली प्रत' असं त्यावर होतं. माझी आई त्यातल्या दोन ओव्या थोड्या फरकानं म्हणायची. ते पुस्तक कुठल्याही दुकानात मला कधी दिसलं नाही. मोठ्या लेखकांची नावं आज ना उद्या कानावर येतातच. असं पुस्तक मात्र छापलं गेलंय हे कळायला त्या वीतभर जागेखेरीज दुसरी सोय नव्हती.

आता वाचते आहे कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. साहित्य अकादमीचा 2023चा पुरस्कार तिला जाहीर झाला, त्या बातमीतच मी या पुस्तकाचं नाव पहिल्यांदा ऐकलं. याचं मला मनापासून वाईट वाटलं. 'गावठाण', 'रौंदाळा' लिहिणारा हा लेखक पन्हाळ्याकडचा, म्हणजे आमच्या शेजारच्या मुलखातला, आणि पुरस्काराची बातमी येईपर्यंत आम्हाला त्याची नवी कादंबरी माहीत नसावी? धरणामुळे उठलेली माणसं आणि जुन्या गावात मागे राहिलेली म्हैस, जिला परत आणायला जायचं आहे, एवढ्यावर ही कादंबरी उभी आहे. बोली पन्हाळ्याची. पहिली वीस पानं मी अडखळत वाचली, मग मोठ्यानं वाचायला लागले आणि अडखळणं थांबलं. जनावर माणसांबरोबर राहिलं तोवर पाळलेलं, माणसं गेली की ते रानाचं होतं. मग त्याला हाक कुठल्या नात्यानं मारायची? हे वाचताना पुस्तक मिटून मी अंगणात जाऊन उभी राहिले. माझ्या वर्गात धरणग्रस्तांच्या वसाहतीतली मुलं असायची. 'गावाचं नाव लिहा' म्हटलं की त्यातला एक पोरगा पाटीवर बुडालेल्या गावाचं नाव लिहायचा. मी ते खोडून नवं नाव लिहायला लावायची. आता लावलं नसतं.

साताऱ्याच्या संमेलनाचे अध्यक्ष विश्वास पाटील. त्यांना 1992 साली साहित्य अकादमी मिळालं ते धरणग्रस्तांवरच्या 'झाडाझडती'साठी. ते पुस्तक मी पुरस्काराच्या आधी वाचलं होतं, कारण 'साभार पोच'मध्ये नाव आलं होतं आणि त्या महिन्यात महागाई भत्त्याचा फरक हातात पडला होता. दोन पुस्तकं एकाच दुखण्यावरची, मध्ये तीस वर्षं. एक वेळेवर हातात आलं, दुसरं उशिरा. मधल्या काळात काय बदललं ते माझ्या डब्यात दिसतं.

कुणी म्हणेल, आता मोबाइलवर सगळं कळतं. मलाही मोबाइल आहे. त्यावर जे येतं ते ज्या लेखकाला पुढे पाठवायला माणसं आहेत त्याचं येतं, आणि तीच पाच-सात मुखपृष्ठं चार ठिकाणांहून येतात. पुरवणीत परीक्षणं येतात ती मी आवडीनं वाचते, पण आठवड्याला दोन किंवा तीन. आणि परीक्षण म्हटलं की ओळखीपाळखी आल्याच, यात मी कुणाला दोष देत नाही. पोचेत मत नसतं. कादंबरी, डाळिंबाच्या लागवडीचं पुस्तक, कुणाच्या आजोबांचं चरित्र, कवितांचा पहिला संग्रह, सगळे एका रांगेत, एकाच टायपात. निवड वाचकानं करायची. मला त्या पट्टीचा हा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

आमच्या गावातल्या वाचनालयालाही तिचा उपयोग होता. शासनाच्या वर्गवारीत 'क' वर्गाचं वाचनालय आहे, अनुदान दोन हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता मार्चच्या तोंडावर आला की ग्रंथपालांची धावपळ, कारण ठरलेल्या मुदतीत खरेदी दाखवायची असते. पूर्वी ते माझ्याकडून कात्रणं नेऊन यादी करायचे. आता विक्रेता जो गठ्ठा आणतो तो घेतात. मागच्या वर्षीच्या गठ्ठ्यात यशाचे मार्ग सांगणारी अकरा पुस्तकं होती, मी मोजली. ग्रंथपालांना तुटपुंजं मानधन मिळतं, त्यांनी प्रत्येक प्रकाशकाकडे चौकशी करत बसावं असं म्हणवत नाही. राज्यात अशी शासनमान्य ग्रंथालयं हजारोंनी आहेत. त्यांतल्या थोड्यांनी जरी आपली पट्टी पाहून यादी केली तरी एखाद्या चांगल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती उठेल.

कागद महाग झालाय, पानं कमी झालीत, हे मला दिसतं. म्हणून मागणी तेवढीच, वीतभर जागेची. दर रविवारी जमत नसेल तर एक रविवार सोडून एक. फक्त पूर्वीच्या माहितीत एक भर घाला: प्रकाशकाचा फोन नंबर. मनिऑर्डरची जुनी पद्धत गेली, पण आता पैसे फोनवरून जातात, आणि टपाल खात्यानं 1 मे 2025पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये. एखादा कवितासंग्रह वीस रुपयांत चंद्रपूरहून दहिवडीला येऊ शकतो. रस्ता आहे, पैसे पाठवायची सोय आहे, फक्त नाव कळायला हवं.

प्रकाशकांनाही एक विनंती आपल्या मार्फत करते. पोचेसाठी प्रत पाठवायची सवय सुटली असेल तर पुन्हा लावून घ्या. विशेषतः लहान गावातल्यांनी, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, गोव्यातल्याही.

त्या मुलीनं शेवटी काय घेतलं ते सांगायचं राहिलं. मी तिला दोन नावं सांगितली, तिनं दोन्ही चाळली, बाजूला ठेवली आणि तिसरंच एक पुस्तक घेतलं, स्वतः निवडून. माझा फोन नंबर मात्र घेतला. 'नवीन काही आलं की सांगा' म्हणाली. गेल्या आठवड्यात तिनं फोन करून विचारलं आणि माझ्याजवळ सांगायला एकही नाव नव्हतं.

सोबत आपल्याच पुरवणीतल्या तीन जुन्या कात्रणांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, मांडणी कशी असायची ते संपादक विभागातल्या नव्या मंडळींना दिसावं म्हणून. मूळ कात्रणं माझ्याकडे ठेवली आहेत. त्यांतली टिंबं अजून मागवायची आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
दहिवडी, ता. माण, जि. सातारा