सायकल घेताना चढ बघू नका, उतार बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की तुमच्या पेपरात सायकलींच्या जाहिराती चालू होतात, अख्खं पान भरून, 21 गिअर, डबल डिस्क, डबल शॉकअप, सोबत बाटली फ्री. त्या बघून आमच्या साताऱ्याच्या गोडोलीतली पोरं घरच्यांच्या मागं लागतात आणि दिवाळीला सायकल आली की पहिल्या रविवारी सगळी यवतेश्वरच्या घाटात. मी एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर आहे, गेली 14 वर्षं डोंगरातली सायकल चालवतो, त्यामुळं गल्लीतल्या पोरांच्या सायकली बिघडल्या की माझ्याच दारात येतात. तेव्हा जे रोज बघतो ते लिहितोय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या पण छापा.

मागच्या वर्षीची गोष्ट. माझी भाची, नववीतली, नवी सायकल घेऊन आली, गुडघा आणि कोपर सोललेलं. म्हणाली मामा, वळताना पाय चाकाला लागतो आणि हँडल आपोआप आत ओढतं, मलाच चालवायला जमत नाहीये. मी खाली बसून बघितलं तर पुढचा शॉकअपच, म्हणजे चाक धरणारा दोन पायांचा चिमटा, उलटा बसवलेला. म्हणजे कसं, पुढच्या डिस्कचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तबकडीचा, ब्रेक चिमट्याच्या ज्या पायाला असतो तो पाय चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला पाहिजे आणि ब्रेक त्या पायाच्या मागच्या अंगाला पाहिजे, इथं तो उजवीकडं आणि समोर आलेला, आणि त्याची केबल हँडलला पिळा मारून पुढं आलेली. दुकानातून सायकल अशीच बाहेर पडली होती, कुठलं दुकान ते लिहीत नाही, कारण अशा मी आत्तापर्यंत पाच-सहा तरी बघितल्यात. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, दिवाळीच्या गर्दीत दुकानातला पोरगा दिवसाला दहा-दहा जोडतो, शॉकअप फिरलाय का हे कोण बघणार. एलन-की घेतली, स्टेमचा, म्हणजे हँडल शॉकअपला धरणाऱ्या तुकड्याचा, बोल्ट सैल केला, शॉकअप अर्धा फिरवला, केबल नीट ओवली, हँडल चाकाच्या रेषेत आणून आवळलं, दहा मिनिटांचं काम. पण ती दहा मिनिटं दुकानात कुणी दिली नाहीत म्हणून पोरगी बोगद्याच्या उतारावर पडली, मागून गाडी नव्हती हे नशीब.

तेव्हा सगळ्या आई-वडिलांना हात जोडून सांगणं आहे की चढताना सायकल कसलीही असली तरी दम लागला की उतरून ढकलत नेता येते. उतरताना तसं नसतं, उतरताना ब्रेक, टायर, माप आणि डोक्यावरचं हेल्मेट एवढंच कामाला येतं. पैसे तिथं घाला. गिअरचा आकडा मोठा म्हणून सायकल भारी असं काही नसतं. 21 गिअर म्हणजे पुढं तीन चकत्या मागं सात, त्यातली निम्मी जोडणी एकसारखीच पडते, घाट चढायला कामाची असते ती पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी चकती. पुढं 24 दाते आणि मागं 28 असतील तर यवतेश्वर आरामात चढतो. आता महागड्या सायकलीत पुढं एकच चकती असते, 32 दात्यांची वगैरे, आणि मागं बारा, त्यातली मोठी 51-52 दात्यांपर्यंत, ते सुटसुटीत आहे, चेन सहसा पडत नाही, पण तिची चेन आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) झिजली की खर्चही तसाच येतो.

डबल शॉकअपबद्दल तर फार वाईट वाटतं. चांगली फुल सस्पेन्शन सायकल लाखाच्या पुढं असते आणि ती खरंच उपयोगाची असते, पण 12-15 हजारात जी मिळते तिच्यात मागं नुसती स्प्रिंग असते, पायडल मारलं की सायकल वरखाली झुलते आणि पोराची निम्मी ताकद त्या स्प्रिंगमध्येच जाते. वजन 18-20 किलो. तेवढ्याच पैशात पुढं एकच शॉकअप असलेली किंवा शॉकअपच नसलेली साधी सायकल चांगल्या ब्रेकची मिळते, ती घ्या.

ब्रेकचं थोडं सविस्तर सांगतो. डोंगरातल्या सायकलीचा खेळ सुरूच मुळात ब्रेकच्या भानगडीतून झाला म्हटलं तरी चालेल. 1976 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली यायची शर्यत लावायला लागली. त्या सायकलींना ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीत, असायचा, उलटं पायडल मारलं की लागणारा, आणि तो उतरताना इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, खाली आल्यावर हब खोलून परत ग्रीस भरायला लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक, म्हणजे परत भरणं, असं पडलं. पुढं 1996 ला हाच खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला. आता आपल्याकडं डिस्क आल्या पण तापतात त्याही. यवतेश्वरवरून येताना पोरं वरपासून खालपर्यंत ब्रेक दाबून धरतात, अर्ध्यात येईस्तोवर वास सुटतो आणि लिव्हर हँडलला टेकायला लागतो. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दाबायचा, वेग मारायचा, वळणात सोडायचा, ब्रेकला थंड व्हायला वेळ द्यायचा. मुरमावर वळताना पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरलंच समजा. आणि पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते सायकल घेतली त्याच दिवशी बघून ठेवा, सगळ्या सायकलींना सारखा नसतो.

दुकानात तपासायचं कसं, तर सायकलीच्या बाजूला उभं राहून पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढं ढकला, मागचं चाक उचललं पाहिजे. मग मागचा दाबून ढकला, चाक न फिरता घासत गेलं पाहिजे. लिव्हर पूर्ण दाबल्यावर मुठीला टेकत असेल तर ब्रेक सैल आहे. मग चाक उचलून फिरवा, डिस्क घासल्याचा आवाज येतो का ऐका. बजेट असेल तर तेलावरचे हायड्रॉलिक ब्रेक घ्या, एका बोटानं लागतात आणि पॅड झिजले तरी आपोआप जुळवून घेतात. केबलवरच्या डिस्कला दर महिन्याला पिळून घ्यायला लागतं. आणि स्वस्त डिस्कपेक्षा चांगले रबराचे व्ही-ब्रेक बरे, असं माझं मत आहे, फक्त आपल्याकडच्या पावसात रिम ओली झाली की ते उशिरा लागतात हे ध्यानात ठेवायचं.

एक कळकळीनं सांगतो, डिस्कच्या सायकलीला डिझेल मारून धुवू नका, आणि चेनला गॅरेजमधलं जळकं ऑईल तर अजिबात नको. डिझेलचा एक थेंब डिस्कवर गेला की पॅड ते पितात आणि मग कितीही दाबा, ब्रेक नुसता ओरडतो, थांबत नाही. पॅड टाकूनच द्यायला लागतात. जळक्या ऑईलला मुरमाची धूळ चिकटते आणि चेन कानशीसारखी चकत्या खाते. साबणाच्या पाण्यानं धुवा, कापडानं पुसा, सायकलच्या चेनचं तेल थेंब थेंब घाला, आणि परत वरवरचं पुसून काढा. गाडी धुवायच्या प्रेशरच्या पाण्यानंही नको, हबमधलं ग्रीस जातं आणि छर्रे वाजायला लागतात.

मापाचं म्हणाल तर आपल्यात शर्ट वाढत्या अंगाचा घेतात तशी सायकलही वाढत्या अंगाची घेतात, पुढच्या वर्षी येईल की म्हणून. असं करू नका. पोरगं दांडीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिलं तर दांडी आणि अंगात दोन-तीन इंच मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर डोंगरात अचानक पाय टेकायची वेळ आली की काय होतं ते सांगायला नको. सीटची उंची टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होतो का यावरून बघायची, आणि मोठा उतार लागला की सीट दोन-चार इंच खाली घ्यायची, दोन्ही पायडल जमिनीला समांतर, बूड जरा उचललेलं आणि मागं.

टायरमध्ये हवा दगडासारखी भरायची आपल्याला सवय आहे. रस्त्याला ठीक, पण मुरमावर कडक टायर उड्या मारतो, पकड राहत नाही. 2.1-2.2 इंची टायर, आत ट्यूब आणि 60-65 किलो वजन असेल तर मी पुढं 28 आणि मागं 32 पीएसआय ठेवतो. यापेक्षा फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिममध्ये चेपते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. बाभळीच्या काट्यानं पंक्चर झालं तर ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू फिरवा, काटा तिथंच असतो आणि नवी ट्यूब पण घेऊन जातो. एका रविवारी चाळकेवाडीच्या पठारावर एकाच काट्यानं माझ्या दोन ट्यूब गेल्या, तेव्हापासून ही सवय लागली. बघा, वॉलचं, म्हणजे ट्यूबला हवा भरायच्या तोंडाचं, पण बघून ठेवा. आपल्या जुन्या काळ्या सायकलीची वॉल ट्यूब वेगळी, मोटरसायकलसारखा जाड वॉल वेगळा, आणि महाग सायकलींचा बारीक प्रेस्टा वॉल वेगळा. प्रेस्टाला पंक्चरवाल्याकडची हवा जात नाही, पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो पाऊचमध्ये टाकून ठेवा.

हेल्मेटला घासाघीस नको. आतला थर्माकोल एकदा जोरात आपटला की दबतो, वरून चिरा दिसत नसल्या तरी ते हेल्मेट संपलं, दुसरं घ्यायचं. पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैल, आणि हेल्मेटची कड भुवईच्या वर दोन बोटं, टोपीसारखं मागं सरकवून घालतात त्याचा काही उपयोग नाही.

आता जायचं कुठं. नवख्यांनी घाटात जायच्या आधी धोम-कण्हेरच्या कॅनॉलच्या कडेचा रस्ता धरावा, सपाट आहे, मुरूम आहे, गाड्या नाहीत, तिथं ब्रेक मारायचा सराव होतो, फक्त पाण्याच्या बाजूनं चालवू नका. मग अजिंक्यतारा, रस्ता वरपर्यंत डांबरी आहे पण सकाळी चालायला येणारी म्हातारी माणसं असतात, उतरताना घंटी आणि वेग दोन्हीचं भान ठेवा. चाळकेवाडीला पवनचक्क्यांमधून मुरमाचे रस्ते लांबच लांब आहेत, सुंदर आहेत, पण वारा असा असतो की आडवा लागला तर सायकल ढकलून देतो, आणि वाटा कंपनीच्या किंवा जंगलखात्याच्या असतील तर तिथल्या वॉचमनला विचारल्याशिवाय आत जाऊ नका. सांगली-मिरजेकडच्यांना दंडोबाचा डोंगर आहेच.

कासबद्दल मात्र विनंती आहे. रस्त्यानं खुशाल जा, सातारपासून 25 किलोमीटरच्या आसपास पडतं, जाताना चढ आणि येताना उतार. पण पठारावर चाक घालू नका, अगदी कुंपण नसेल तिथंही. खाली जांभ्याचा कातळ आणि वर बोटभर माती, त्या मातीत सीतेची आसवं, कवला असली इवलीशी रोपं येतात, एकदा ओल्या मातीवरून टायर गेला की त्या पट्ट्यात पाणी साचतं नाहीतर माती वाहून जाते, आणि पुढच्या सालीही तिथली फुलं कमी झालेली दिसतात. 2012 ला युनेस्कोच्या यादीत गेलेली जागा आहे ती, आपल्या दारातली. शिवाय पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथं कुठलाच टायर धरत नाही.

आणि पावसानंतर गवत वाढलेलं असतं त्यात दगड दिसत नाहीत, कुसळं मोज्यातून आत जातात, पायवाटेवर दिवाळीनंतरच जावं. गवे पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, दिसला तर थांबायचं, घंटी वाजवायची नाही, तो जाईल तेव्हा जाईल. म्हशी येत असतील तर उतरून कडेला उभं राहायचं, वाट त्यांची आहे, आपण रविवारचे पाहुणे. धनगराची कुत्री अंगावर आली तर पळवू नका सायकल, उतरा आणि सायकल मधे धरून उभे राहा, मालक हाक मारतोच. कासच्या पुढं बामणोलीच्या अंगाला मोबाईलच्या रेंजचा भरवसा नसतो, कुठं जातोय ते घरी सांगून जा, एक ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, एलन-कीचा सेट, दोन लिटर पाणी आणि गूळ-शेंगदाणे एवढं पाठीवर पाहिजेच.

येताना अंधार पडत असेल तर मागं लाल लाईट लावा. आता उसाचे ट्रॅक्टर सुरू होतील, दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नसतो कित्येकांना, त्या ड्रायव्हरला आपण दिसणं आपल्याच हातात आहे.

संपादक साहेब, जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही, तुमचंही पोट आहे आणि दुकानदारांचंही. पण त्याच पानावर खाली चार ओळींची चौकट तेवढी द्या, शॉकअप सरळ आहे का, ब्रेक लागतो का, चाक आवळायचा लिव्हर घट्ट आहे का, माप बरोबर आहे का, हे पैसे द्यायच्या आधी दुकानातच बघा, म्हणून. आणि दुकानदार बंधूंनी जोडलेली प्रत्येक सायकल देण्याआधी कुणातरी मोठ्या माणसानं एक चक्कर मारून बघावी. बहुतेक घरात सायकल पाडव्याला येते, तेव्हा पत्र धनत्रयोदशीच्या आत छापलंत तर उपकार होतील.

आपला नियमित वाचक,
गोडोली, सातारा