तक्रार: ‘हातात पडणारी रक्कम’ या रकान्यामुळे झालेल्या दिशाभुलीबाबत

प्रति,
तक्रार निवारण विभाग

महोदय / महोदया,

घर विकायला काढलं तेव्हा एजंटांच्या दलालीची तुलना करून देणारा आपला अहवाल मी पैसे भरून घेतला होता. घर विकलं गेलं, व्यवहार पूर्ण झाला, एजंटचं बिलही चुकतं केलं. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण माझी तक्रार एजंटपेक्षा आपल्यावर जास्त आहे. त्याने जे केलं ते करारात लिहिलेलं होतं. आपण जे केलं ते मला हिशेब मांडून बसल्यावर कळलं.

खऱ्या रकमा इथे देत नाही, त्या सोबतच्या कागदांत आहेत. समजायला सोपं जावं म्हणून घराची किंमत १०० धरते.

आपल्या अहवालात तीन एजंट होते. पहिल्याने घराचा अंदाज १०० सांगितला होता आणि दलाली २ टक्के. दुसऱ्याचा अंदाज १०१, दलाली दीड टक्का. तिसऱ्याचा अंदाज १०८ आणि दलाली फक्त १ टक्का. शेवटच्या रकान्यात, ठळक हिरव्या अक्षरांत, ‘तुमच्या हातात पडणारी रक्कम’: ९८, साडेनव्याण्णव आणि जवळजवळ १०७. यादी याच रकान्याप्रमाणे लावलेली होती, त्यामुळे तिसरा एजंट सगळ्यात वर, नावापुढे ‘सर्वोत्तम निवड’ असा शिक्का. त्या रात्री मी अहवालाचा कागद समोर ठेवून बसले होते आणि त्या हिरव्या आकड्याशिवाय मला दुसरं काही दिसलं नाही, हे कबूल करते.

आता यातली गंमत बघा. दलालीतला फरक एका टक्क्याचा, अंदाजातला आठ टक्क्यांचा. तिन्ही एजंटांसाठी एकच किंमत, १०० धरली असती, तर हातात पडणारी रक्कम ९८, ९८.५ आणि ९९ अशी आली असती आणि मी शांतपणे विचार केला असता. आपण मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या अंदाजातून त्याची दलाली वजा केली. म्हणजे जो जास्त फुगवून सांगेल तो आपोआप वर. अंदाज सांगायला एजंटला काही खर्च येत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. घर आपल्याकडे यावं म्हणून किंमत चढवून सांगायची आणि करार झाला की हळूहळू खाली आणायची, ही या धंद्यातली जुनी खोड आहे. ती मला माहीत नव्हती. तुलनेचा व्यवसाय करणाऱ्यांना माहीत नसेल, हे पटत नाही.

पहिल्या एजंटने १०० हा आकडा कुठून आणला तेही सांगितलं होतं: आसपासची नुकतीच विकली गेलेली तीन घरं, त्यांचं क्षेत्रफळ आणि त्यांची नोंदलेली विक्री किंमत. तिसऱ्याने एकही दाखला दिला नव्हता. आपल्या तक्त्यात या फरकासाठी जागाच नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. १०८ ला घर बाजारात लागलं. सहा आठवड्यांत दोन जण बघून गेले, त्यातला एक चुकीच्या पत्त्यावर आला होता. मग एजंटचा फोन, “बाजार जरा थंड आहे, किंमत थोडी खाली घेऊ या.” १०४ केली. पुन्हा फोन, १०० केली. पण तोवर घर शिळं झालं होतं. १०० किंमत ऐकून आलेला माणूसही आधी हेच विचारायचा, “इतके दिवस का गेलं नाही? काही भानगड आहे का?” पहिल्या दिवशी १०० ला लावलं असतं तर हा प्रश्न कुणी विचारला नसता. शेवटी एकोणिसाव्या आठवड्यात ९९ ला सौदा झाला.

गिऱ्हाईक कुणी आणलं? आम्हीच. माझ्या धाकट्या दिराच्या ओळखीतले गृहस्थ. एजंटने त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तरी त्याची दलाली द्यावी लागली, आणि इथे आपल्या तक्त्याची दुसरी चूक येते. त्यात ‘एक्सक्लुझिव्ह: होय’ एवढंच लिहिलं होतं. पण एक्सक्लुझिव्हमध्ये, म्हणजे एकाच एजंटला काम देण्याच्या करारात, दोन जाती असतात. एकीत तुम्ही दुसरा एजंट नेमू शकत नाही, पण स्वतः गिऱ्हाईक आणलंत तर दलाली लागत नाही. दुसरीत विकण्याचा हक्कच त्या मुदतीपुरता एजंटकडे जातो. गिऱ्हाईक कुणीही आणो, अगदी तुमची सख्खी बहीण घर घेवो, दलाली द्यायचीच. माझा करार दुसऱ्या जातीचा होता, मुदत वीस आठवडे. त्यात आणखी एक कलम होतं: करार संपल्यानंतरही, एजंटने घर दाखवलेल्या माणसाने ते घेतलं तर दलाली लागू. मी मध्येच एजंट बदलला असता तर एकाच विक्रीवर दोघांना दलाली देण्याची पाळी येऊ शकली असती. विकणाऱ्याच्या दृष्टीने हे टक्क्यापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि आपण ते ‘होय’ या एका शब्दात उरकलंत.

राहता राहिला तो १ टक्का. करारात होतं, ‘१ टक्का किंवा किमान फी, यांपैकी जी जास्त असेल ती’. किमान फी आमच्या हिशेबात १.६ भरली. जाहिरात आणि छायाचित्रणाचे ०.३ वेगळे, तेही आगाऊ, आणि घर विकलं नाही तरी परत न मिळणारे. (‘व्यावसायिक छायाचित्रण’ म्हणजे पाच फोटो. न्हाणीघराच्या फोटोत आरशात फोटोग्राफर मोबाइल धरून उभा आहे आणि मागे आमची निळी बादली. ती मीच बाजूला ठेवायला विसरले, पण आरसा त्याने बघायला हवा होता.) या सगळ्यावर कर वेगळा. बेरीज दोन टक्क्यांच्या वर गेली. पहिल्या एजंटचे २ टक्के मात्र कर, फोटो, जाहिरात सगळं धरून होते, आणि घर विकलं गेलं तरच द्यायचे होते. तक्त्यात हे दोन आकडे शेजारी शेजारी, जणू एकाच मापाने मोजलेले. आपण १०७ दाखवलेत. माझ्या हातात ९७ सुद्धा पडले नाहीत.

आपल्या ग्राहक सेवेकडे विचारणा केल्यावर उत्तर आलं की अंदाजित किंमत एजंटने दिलेली असते, तिची जबाबदारी आपली नाही. ठीक आहे. मग जिची जबाबदारी घेत नाही त्या आकड्यावरून यादी का लावता?

दुसरं उत्तर असं की दलाली टक्केवारीत असल्यामुळे एजंटचं आणि विकणाऱ्याचं हित एकच असतं. हे ऐकायला छान आहे. किंमत ३ ने वाढली तर माझे जवळजवळ ३ वाढतात, एजंटचे १ टक्क्याने ०.०३. किमान फी लागू असेल तर तेवढेही नाहीत. एवढ्यासाठी तो आणखी दोन आठवडे कशाला खपेल? शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात एजंट स्वतःचं घर विकताना सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात असं दिसलं. हित एकच असतं तर हा फरक पडला नसता.

अहवालाच्या तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत, ‘काही एजंटांकडून आम्हाला संदर्भ शुल्क मिळते’ असं एक वाक्य आहे. संदर्भ शुल्क म्हणजे गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल एजंटने आपल्याला दिलेले पैसे. कोणत्या एजंटांकडून आणि किती, हे लिहिलेलं नाही.

माझं मागणं असं. अहवालासाठी घेतलेली पूर्ण रक्कम परत करावी. माझ्या व्यवहारात या एजंटकडून आपल्याला काही शुल्क मिळालं का, मिळालं असल्यास किती, आणि ‘सर्वोत्तम निवड’ या शिक्क्याशी त्याचा काही संबंध होता का, हे लेखी कळवावं. तो हिरवा रकाना काढून टाकावा, किंवा निदान सगळ्यांना एकच किंमत धरून मांडावा, किमान फी, कर आणि आगाऊ खर्चासकट. अंदाजाच्या जागी काही द्यायचंच असेल तर त्या एजंटने गेल्या वर्षभरात लावलेल्या घरांची सुरुवातीची मागणी किंमत आणि शेवटी मिळालेली किंमत द्या. हे आकडे त्यांच्याकडे असतातच. द्यायला कोण टाळाटाळ करतं, एवढ्यावरूनही विकणाऱ्याला पुष्कळ कळेल.

एजंटशी झालेला करार, त्याची दोन्ही बिलं, आपला अहवाल आणि ग्राहक सेवेची दोन्ही उत्तरं यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. न्हाणीघराचा फोटोही जोडला आहे. उत्तर पंधरा दिवसांत आणि लेखी द्यावं, कृपया फोन करू नये. याआधी आपल्याकडून दोनदा फोन आला होता. त्यात काय ठरलं याची नोंद आपल्याकडे नाही, असं तिसऱ्या वेळी मलाच सांगण्यात आलं.

आपली,
एक ग्राहक