सूर्या नदीच्या पुलाला क्रॅश कुशन मिळालं, बाकीच्या पुलांना कधी?

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. त्यानंतर चर्चा झाली ती मागच्या सीटवरच्या बेल्टची. आपणही त्याबाबत कडक भूमिका घेतलीत, ती योग्यच होती. पण गाडी ज्यावर आदळली, ते काँक्रीट चर्चेत मागेच राहिलं. पुढच्या काही आठवड्यांत महामार्ग प्राधिकरणाने तिथे क्रॅश कुशन, म्हणजे स्वतः चेपून धडकेचा जोर जिरवणारा अडथळा, बसवलं. म्हणजे उपाय ठाऊक होता, सामान मिळत होतं आणि ठरवलं तर वेळही लागत नव्हता. त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. कुशन मिळालं ते एका मोठ्या नावामुळे, एका पुलाला.

गणित शाळकरी आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी काँक्रीटवर आदळून ६० सेंटीमीटर चेपत थांबली, असं धरू. आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ६५ पट मारा होतो. तोच वेग सहा मीटरमध्ये जिरवला, तर साडेसहा पट. बेल्ट लावलेला माणूस एवढं सोसतो. कुशन करतं ते इतकंच. त्यासाठी महागडी परदेशी यंत्रणाच हवी असंही नाही. अमेरिकेत शर्यतपटू जॉन फिच यांनी रुजवलेली वाळूभरली प्लास्टिकची पिंपं कित्येक दशकं हेच काम करत आहेत.

आपल्या महामार्गांवर उड्डाणपूल मुख्य रस्त्यापासून जिथे वेगळा होतो ते टोक, दुभाजकाची सुरुवात, फलकांच्या कमानींचे खांब, हे सगळं बहुतेक ठिकाणी उघडंच असतं. फार तर पिवळे-काळे पट्टे मारलेले. पट्टे जाग्या ड्रायव्हरसाठी. पहाटे डुलकी लागलेल्याला त्यांचा काय उपयोग? लोखंडी रेलिंगचं मोकळं टोक तर सरळ गाडीत घुसतं.

आणि नुसतं बसवूनही भागत नाही. एकदा धडक बसली की कुशन चेपतं आणि ते बदलेपर्यंत पुढच्या गाडीसाठी तिथे पुन्हा काँक्रीटच. म्हणून ते किती दिवसांत बदलायचं, नाही बदललं तर काय, हे टोल कंत्राटातच लिहिलेलं हवं. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसेल तर दंड एक लाखापर्यंत. एखाद्या मोठ्या टोलनाक्यावर एवढी रक्कम किती वेळात जमते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

टोल घेतला जातो अशा प्रत्येक महामार्गावरच्या या उघड्या टोकांची यादी, किलोमीटरच्या दगडासह, आपल्या मंत्रालयाने जाहीर करावी. कुठे कुशन आहे, कुठे नाही, कुठे चेपलेलं पडून आहे आणि जबाबदारी कोणत्या कंत्राटदाराची, हेही त्यात असावं. सुरुवात मुंबई–अहमदाबाद मार्गापासूनच करावी.

आपला,
एक टोल भरणारा वाहनचालक