भाड्याच्या वॉकीटॉकीची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन मंचांवरील वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये तेरा मंचांना नोटिसा बजावल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वेही काढली. हे बरेच झाले. पण मंगल कार्यालये, मंडपवाले, गणेश मंडळे आणि आमच्यासारखे छोटे व्यावसायिक संच घेतात ते बहुतेक गावातल्या दुकानातून, नाहीतर साउंडवाल्याकडून दिवसाच्या भाड्याने. तिथे कोणी काही विचारत नाही.

लग्नसराईत वॉकीटॉकी ही चैन राहिलेली नाही. बँडच्या दणदणाटात मोबाइलची रिंग ऐकू येत नाही. पार्किंगमधली पोरे, भटारखाना, वाढपी आणि स्टेज यांना एकाच वेळी निरोप द्यायचा तर बटण दाबून बोलण्यासारखी सोय नाही. आणि ही सोय कायद्याने, परवान्याशिवाय मिळू शकते हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात अर्ध्या वॅटपर्यंतचे संच विनापरवाना वापरता येतात. फक्त त्या मॉडेलला दूरसंचार खात्याची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला दिलेली मंजुरी हवी. अर्धा वॅट ऐकायला किरकोळ वाटतो, पण कार्यालयाचे आवार, लॉन, गोदाम किंवा दोन-तीन मजल्यांचे हॉटेल यांना तेवढा पुरतो. जाड भिंती आल्या की आवाज तुटतो, हेही खरे.

भाड्याने मिळतात ते संच मात्र बहुधा वेगळेच असतात. पाच वॅटच्या आसपास ताकदीचे, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा भल्यामोठ्या पट्ट्यात कुठेही लावता येणारे. त्यात हौशी रेडिओवाल्यांच्या, जहाजांच्या आणि पोलिसांच्याही फ्रिक्वेन्सी येतात. ‘४४६ वर सेट करून देतो, मग काही प्रॉब्लेम नाही’ असे दुकानदार ठामपणे सांगतो. ते चुकीचे आहे. चॅनेल बदलल्याने संचाची ताकद कमी होत नाही आणि नसलेली मंजुरीही मिळत नाही. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेली जोडीही इथे चालत नाही. तिकडे दुकानदारांनाही खुला असलेला ४६२-४६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे खुला नाही.

खुल्या पट्ट्यालाही मर्यादा आहेत. साडेबारा किलोहर्ट्झचे जेमतेम सोळा चॅनेल, आणि ते सगळ्यांचे. शेजारच्या लॉनवरचा ‘जिलेबी संपली’ हा निरोप आपल्या आचाऱ्याला ऐकू येणारच. खोक्यावर छापलेल्या ‘प्रायव्हसी कोड’ने दुसऱ्यांचे बोलणे आपल्या संचावर वाजत नाही इतकेच; आपले बोलणे कोणीही ऐकू शकतो. तेव्हा रोख रकमेच्या गोष्टी त्यावर बोलू नयेत. जास्त पल्ला हवा असेल तर सिमकार्डवर चालणारे बटण-दाबा संच मिळतात. ते मोबाइल नेटवर्क वापरत असल्याने वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा परवाना लागत नाही. पण घाटात रेंज गेली की तेही मुके. मोठ्या कारखान्याने हवी तर सरकारकडून रीतसर स्वतःची फ्रिक्वेन्सी मागून घ्यावी. सहा संचांसाठी कार्यालयवाला त्या वाटेला कशाला जाईल?

प्राधिकरणाच्या तत्त्वांप्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याला संचाची फ्रिक्वेन्सी आणि मंजुरी जाहीर करावी लागते. हेच बंधन दुकानाच्या काउंटरवर आणि भाड्याच्या पावतीवरही यावे. पावतीवर ‘वॉकीटॉकी ६ नग’ एवढेच असते. मॉडेल, पट्टा, वॅट आणि ईटीए क्रमांक या चार गोष्टी मराठीत लिहायला एक ओळ पुरते. आज तपासणी झालीच, तर संच सापडणार तो आमच्या पार्किंगमधल्या पोराच्या हातात. साउंडवाला तोवर पुढच्या गावच्या ऑर्डरला निघून गेलेला असेल.

आपला,
एक मंगल कार्यालय चालक, सातारा