खोडरबर पाठवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि. असं लिहायला घेतलं होतं, पण तुम्ही त्याच्याखालीही बारीक रेघ मारून 'विशेष काय ते लिहा' म्हणाल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

पुस्तकाच्या ऋणनिर्देशात 'माझं नाव नको', असं तुम्ही बजावलं होतंत. ते मी पाळलं. पत्र लिहायचं नाही, असं मात्र तुम्ही कुठे म्हणाला नव्हतात, आणि शब्दांमधली फट शोधायला तुम्हीच शिकवलंत. म्हणून हे अनावृत पत्र, नाव न घेता.

त्या पुस्तकाचं हस्तलिखित बाड तुमच्यापर्यंत कसं पोचलं, मध्ये कोणकोण होतं, ते सांगत बसत नाही. त्याआधी ते कुठे पडलं होतं, ते मात्र सांगायचंय. एका नामवंत अभ्यासकांकडे सात महिने होतं. २४० पानं, वरून सुतळी, तिला मी मारलेली दुहेरी गाठ. परत घ्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "वाचलं. छान आहे. थोडी छाटणी करा." घरी येऊन पाहिलं तर गाठ माझीच होती. सुतळीसुद्धा तसूभर सरकली नव्हती. त्यानंतर एक प्रकाशक भेटले. त्यांनी विषय विचारला. मी म्हटलं, पेंग्विन या प्रकाशनसंस्थेचा इतिहास. "पुस्तकं छापणाऱ्या कंपनीवर पुस्तक?" एवढं म्हणून ते हसले आणि मग मी स्वतः किती पैसे घालणार, तो हिशेब काढायला बसले. विषय काय, हे पुन्हा त्यांना आठवलंही नसावं.

मग तुमच्याकडून पुडकं आलं. उघडलं तर जवळपास प्रत्येक पानाच्या समासात शिसपेन्सिल. इतकी फिकट, की दिव्याखाली पान तिरकं धरावं लागलं. पानांच्या वर कागदात गुंडाळलेला एक नवाकोरा खोडरबर, आणि चिठ्ठी: 'पटणार नाही ते खोडून टाका. पुस्तक तुमचं आहे.'

बाई, मी चाळिशी ओलांडलेला माणूस. नोकरीत रोज लाल शाईचे शेरे खातो. त्या खोडरबरापाशी मात्र मला दहा मिनिटं काही सुचलं नाही. चूक दाखवणारे पुष्कळ भेटले होते. दाखवलेली चूक नाकारायचं हत्यारसुद्धा सोबत पाठवणारं कुणी भेटलं नव्हतं.

आता तुमच्या शेऱ्यांबद्दल. पहिलाच माझ्या पहिल्या वाक्यावर होता. पेंग्विनच्या संस्थापकाबद्दल मी ऐटीत लिहिलं होतं, 'ॲलन लेन याने जगाला पेपरबॅक दिलं.' तुम्ही शेजारी लिहिलंत, 'आणि टाउखनिट्झ?' खरंच होतं ते. लाइपझिगचा टाउखनिट्झ १८४१पासून इंग्रजी पुस्तकांची कागदी बांधणीतली मालिका काढत होता. १९३२ साली आलेल्या अल्बाट्रॉस या मालिकेने तर पक्ष्याचं नाव, आटोपशीर आकार आणि विषयागणिक रंग, सगळंच आधी करून ठेवलं होतं. लेनने त्यातलं बरंचसं उचललं. त्याचं स्वतःचं धाडस किमतीत होतं: चांगलं पुस्तक, सहा पेन्स, दहा सिगरेटींच्या पाकिटाएवढं. ३० जुलै १९३५ रोजी पहिली दहा पुस्तकं आली, कादंबऱ्यांना नारिंगी, रहस्यकथांना हिरवा, चरित्रांना निळा रंग. माझं पहिलं वाक्य गेलं, पण त्याच्या जागी पूर्ण प्रकरण उभं राहिलं.

दुसरा शेरा आठवला की अजून हसू येतं. ॲगाथा ख्रिस्तीकडून परतताना लेन एक्सेटर स्टेशनवर गाडीची वाट पाहतो, स्टॉलवर वाचण्याजोगं काही सापडत नाही, आणि तिथेच त्याला कल्पना सुचते. हा प्रसंग मी धुकं, कंदील, वाफ असं सगळं घालून दोन पानं रंगवला होता. तुम्ही लिहिलंत, 'फलाटावर तुम्ही होतात का?' पुढे पेलिकन या पेंग्विनच्याच वैचारिक पुस्तकांच्या मालिकेची कथा आली. किंग्ज क्रॉस स्टेशनवर एक बाई चुकून 'पेलिकन' पुस्तक मागते, ते लेनच्या कानावर पडतं, दुसऱ्या कुणी नाव पळवायच्या आत तो ते घेऊन टाकतो. तिथे तुमचे दोनच शब्द: 'पुन्हा स्टेशन!' कंपन्या स्वतःच्या जन्मकथा किती सुबक करून सांगतात, हे मला त्या उद्गारचिन्हाने कळलं. आता दोन्ही कथा पुस्तकात आहेत, पण 'असं सांगतात' एवढ्या पुस्तीसकट. धुकं काढून टाकलं.

तुमची पेन्सिल जास्त वेळ घुटमळली ती लहान माणसांपाशी. 'एका सेक्रेटरीने पेंग्विन हे नाव सुचवलं,' असं मी लिहिलं होतं. तुम्ही 'एका'भोवती गोल केलात आणि विचारलंत, 'हिला नाव नाही?' होतं. जोन कोल्स. मालकाचे दोन्ही भाऊ, रिचर्ड आणि जॉन, मी नावानिशी दिले होते. कंपनीला नाव देणारीचंच राहिलं होतं. बोधचिन्हासाठी पेंग्विनचं चित्र काढायला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलेला एडवर्ड यंग तेव्हा एकवीस वर्षांचा होता, तेही तुमच्या टोकण्यामुळे आलं. मेरिलबोन रोडवरच्या होली ट्रिनिटी चर्चच्या तळघरात पुस्तकांचं कोठार होतं. वरून गठ्ठे खाली सोडायला जत्रेतली घसरगुंडी लावली होती. ती गंमत मी चवीने लिहिली होती. तुम्ही समासात लिहिलंत, 'खाली गठ्ठे झेलणारे कोण?' त्या एका प्रश्नासाठी मी तीन आठवडे वाचत होतो. सगळ्यांची नावं काही मिळाली नाहीत. पण आता त्या प्रकरणात घसरगुंडीची गंमत अर्धं पान आहे, आणि उरलेली पानं त्या काळोख्या, दमट तळघरात राबणाऱ्यांची.

पैशांच्या बाबतीत तुम्ही माझी चांगलीच फिरकी घेतलीत. 'पुस्तकांचं जोरदार स्वागत झालं' या वाक्यावर 'कोणी केलं? किती प्रती?' जोरदार कसलं? दुकानदार साशंक होते, स्वस्त पुस्तकाने आपलाच नफा बुडेल या धास्तीत होते. प्रत्येक पुस्तकाच्या सतरा-अठरा हजार प्रती खपल्याशिवाय खर्च निघणार नव्हता, आणि सुरुवातीच्या मागण्या त्याच्या आसपासही नव्हत्या. तारलं ते वुलवर्थने, म्हणजे सुया-दोरे, कपबश्या विकणाऱ्या दुकानसाखळीने. ६३,५०० प्रतींची मागणी आली आणि गाडा रुळावर आला. ग्रंथविक्रेत्यांनी नाकं मुरडली आणि पुस्तकं कपबश्यांच्या शेजारी जाऊन बसली. हे मला आधीच लिहायला हवं होतं.

युद्धाचंही तेच. 'युद्धकाळातही कंपनी वाढली' असं मी ठोकून दिलं होतं. तुमचं एकच अक्षर, 'का?' कागदावर नियंत्रण आलं तेव्हा ज्याने युद्धाआधी जितका कागद वापरला त्या प्रमाणात त्याला कोटा मिळाला. पेंग्विनचा खप नेमका त्याच काळात फुगलेला होता. शिवाय त्या आकाराचं पुस्तक सैनिकाच्या गणवेशाच्या खिशात बसायचं. थोडं कर्तृत्व, थोडं नशीब. पेलिकनचे एक संपादक व्ही. के. कृष्ण मेनन, पुढे भारताचे संरक्षणमंत्री झालेले, होते, हे मी एका ओळीत उरकलं होतं, तिथे तुमचं 'एवढंच?' त्याचं आता प्रकरण झालंय. लेनशी त्यांचं बिनसलं, तेही त्यात आहे.

१९७०च्या जुलैत लेन गेला, त्याच वर्षी कंपनी पिअर्सन या उद्योगसमूहाकडे गेली, २०१३मध्ये रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेशी जुळली, हा शेवटचा भाग तुम्ही जवळपास न टोकता सोडलात. तो कंटाळवाणा आहे, हे सांगायची तुमची ती पद्धत असावी. मी तो दोन पानांवर आणला.

त्या अभ्यासकांचा राग आता उरलेला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. ते आजही सभांमधून वाचनसंस्कृतीवर बोलतात आणि मी मागच्या रांगेत बसून ऐकतो. वाचनसंस्कृती म्हटलं की मला मात्र तुमचं २४०वं पान आठवतं. तिथे फक्त द्यायची राहिलेली एक वेलांटी होती, आणि तीही तुम्ही दिली होतीत. शेवटच्या पानापर्यंत येईस्तोवर वाचणाऱ्याची नजर थकते. तुमची थकली नव्हती. अनोळखी माणसाचं बाड, फायदा काही नाही, नावसुद्धा नको, आणि तरी वेलांटी.

आता एक कबुली. खोडरबर मी जपून ठेवला होता, कोपरे शाबूत. तो एकदाच वापरला. डी. एच. लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी छापली म्हणून अश्लीलतेच्या आरोपाखाली १९६०मध्ये ज्याची कंपनी कोर्टात उभी राहिली आणि २ नोव्हेंबरला निर्दोष सुटली, तोच लेन पुढे काही वर्षांनी आपल्याच कंपनीने काढलेला, सिने या फ्रेंच व्यंगचित्रकाराचा संग्रह आवडला नाही म्हणून रात्री गोदामातून प्रती उचलून नेतो आणि जाळून टाकतो. ते मी कडक शब्दांत लिहिलं होतं. अख्ख्या बाडात तुम्ही फक्त तिथेच मवाळ झालात. लिहिलंत, 'म्हातारा झाला होता हो. थोडं सैल सोडा.'

दोन रात्री विचार केला आणि ती ओळ खोडली. माझा परिच्छेद आहे तसाच ठेवलाय. दिव्याखाली पान तिरकं धरलं की तुमचं अक्षर अजून दिसतं. खोडरबराचा एक कोपरा तेवढा झिजलाय.

तुमचा,
बाडवाला