टेकूवर किती पावसाळे काढायचे?

मा. संपादक,
स. न.

शनिवार पेठेत, शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आमचा वाडा आहे. लग्न होऊन मी इथे आले, त्याला आता ४१ वर्षे झाली. गेल्या वर्षी मे महिन्यात दाराला नोटीस लागली: इमारत धोकादायक आहे, तातडीने दुरुस्ती करा, नाहीतर होणाऱ्या हानीला मालक जबाबदार.

नोटीस चुकीची नव्हती. माजघरावरच्या मुख्य सागवानी तुळईचे भिंतीत गेलेले टोक ओलीने कुजले आहे. आमच्या सुतारांनी त्यात पेचकस टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि ओला भुसा खाली पडला. त्याच तुळईवर वरच्या खोलीची जमीन आहे. तिथे ८१ वर्षांच्या भाडेकरू काकू एकट्या राहतात.

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन गेले. ‘तुमच्या भागात काहीच करता येत नाही’, असे खिडकीवर सांगण्यात आले. हे खरे नाही. स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. पण १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. आम्हाला मजला चढवायचा नाही. तुळई बदलायची आहे, भिंतीचा फुगलेला भाग उतरवून पुन्हा बांधायचा आहे आणि कौले शाकारायची आहेत. हे समजावून सांगण्यातच तीन चकरा झाल्या.

मग कागद. मिळकत पत्रिकेवर अजून सासऱ्यांचे नाव होते, त्यांना जाऊन तीस वर्षे झाली. वारस नोंदीसाठी नागपूरच्या दिरांच्या आणि दोन नणंदांच्या सह्या हव्या होत्या. यात चूक आमचीच, ते काम वेळीच करायला हवे होते. ती नोंद झाली, तोवर दिवाळी उलटून गेली. पण पुढे जे झाले ते आमच्या हातात नव्हते. एका कार्यालयाने दुसऱ्याचा ना हरकत दाखला मागितला, दुसऱ्याने पहिल्याचे पत्र मागितले. जानेवारीत फाइल परत आली, कारण जोडलेले फोटो सहा महिन्यांपूर्वीचे होते.

वाडा धोकादायक आहे की नाही, हे ठरवायला अभियंता प्रत्यक्ष येऊन पाहून जातो. त्याच भेटीत कोणते भाग बदलायचे हे त्याने लिहून द्यावे आणि तो कागदच दुरुस्तीचा अर्ज म्हणून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे थेट पाठवावा. निर्णयाची तारीखही नोटिशीवरच छापावी. उंची आणि क्षेत्रफळ न वाढवता होणारी दुरुस्ती नव्या इमारतीच्या फायलींत अडकवू नये. शनिवारवाड्याभोवतीची मोकळी जागा राखायला हवी, हे मला मनापासून पटते. पण आमचे वाडे एकेक करून कोसळले, तर त्या परिसराचे जुनेपण कसे टिकेल?

परवा पुन्हा नोटीस लागली, मजकूर तोच. तुळईखाली दोन लोखंडी टेकू लावले आहेत आणि काकूंची कॉट दुसऱ्या भिंतीकडे सरकवली आहे. मृगाला थोडेच दिवस उरले आहेत. तेवढ्यात निदान ती एक तुळई बदलायची परवानगी मिळावी.

– एक निवृत्त शिक्षिका, शनिवार पेठ, पुणे